पावटा की गोकर्ण? सातारा-सांगलीच्या दारातल्या मांडवासाठी वेल निवडण्यापासून बी राखण्यापर्यंत

मृग जवळ आला की दारात कोणता वेल लावायचा याची चर्चा घरोघरी सुरू होते. जागा बहुतेकांकडे एका मांडवापुरतीच असते आणि मनात मात्र दोन इच्छा असतात: भोगीच्या भाजीला घरचा पावटा निघावा आणि श्रावणी सोमवारी महादेवाला घरची निळी गोकर्ण वाहता यावी. पावटा आणि गोकर्ण दोन्ही शिंबावर्गीय कुळातले. दोन्ही वेल आधाराला विळखा घालत चढतात, दोन्हींच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी असतात आणि दोन्हींना चपट्या शेंगा लागतात. म्हणून निगाही सारखीच करायची, असे पुष्कळांना वाटते. तसे केले की पावट्याला नुसता पाला येतो आणि गोकर्ण महिन्याभरात फुलायची थांबते.

पावट्याच्या वेलाला शेंग धरायला मदत करायची असते. गोकर्णीला शेंग धरू द्यायची नसते. जागा, पेरणीची वेळ, खत, छाटणी आणि काढणी या सगळ्यांतले फरक इथूनच निघतात. पुढची माहिती त्याच धाग्याने मांडली आहे.

बी घेताना

आपल्याकडे ‘घेवड्याचे बी द्या’ म्हटले की दुकानदार तीन वेगवेगळ्या गोष्टी देऊ शकतो. श्रावण घेवडा म्हणजे फरसबी. वाघ्या घेवडा हा कोरेगाव भागाचा मान, त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे; पण तो राजम्याच्या जातीचा, शेतात पेरायचा, मांडवावर पसरवायचा नव्हे. आपल्याला हवा तो वाल किंवा पावटा, शास्त्रीय नाव लॅबलॅब पर्पुरियस. त्याच्या बियांची खूण चुकत नाही: दाण्याच्या एका कडेला उंचावलेली, ठसठशीत पांढरी रेघ असते. दाणा पांढरा असो, तांबूस असो वा काळा, ती रेघ असतेच.

पावट्यातही वेल जात आणि झुडपी जात असे दोन प्रकार आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘कोकण भूषण’ किंवा बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचे ‘अर्का जय’ आणि ‘अर्का विजय’ हे झुडपी वाण आहेत. ते वाफ्यात, कुंडीत छान येतात, पण त्यांच्याकडून मांडव झाकण्याची अपेक्षा ठेवू नका. मांडवासाठी गावरान वेल पावटाच घ्या. गावाकडे ज्यांच्या बांधावर किंवा परड्यात दरवर्षी पावटा होतो, त्यांच्याकडचे मूठभर बी पाकिटातल्या बियांपेक्षा मला जास्त भरवशाचे वाटते, कारण ते त्या हवेत आणि त्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या निवडले गेलेले असते.

गोकर्णीचे, म्हणजे क्लिटोरिया टर्नाटियाचे बी मुगाहून थोडे मोठे, लांबट आणि काळपट तपकिरी असते. ती निळी, पांढरी, एकेरी आणि दुहेरी पाकळ्यांची मिळते. देवाच्या फुलांसाठी एकेरी निळी सर्वांत दणकट. दुहेरी निळी दिसायला भरदार असते, मात्र बियांतून पुढची पिढी तशीच येईल याची खात्री नसते, म्हणून ती हवी असेल तर चांगल्या वेलाची फांदी लावून रोप करणे बरे.

वेलाची ओळख, आणि ज्यांच्यापासून जपायचे ते वेल

कोवळ्या रोपावरून ओळख करायची घाई करू नका. सुरुवातीची पाने साधी, एकेकटी असतात. खरी पाने फुटली की फरक उघड दिसतो. पावट्याचे पान पळसासारखे त्रिदळ: तीन रुंद पर्णिका, टोकाकडे निमुळत्या, प्रत्येक पर्णिका तळहाताएवढी होऊ शकते. गोकर्णीच्या पानात पाच किंवा सात लहान, लंबगोल पर्णिका मधल्या दांडीवर समोरासमोर बसलेल्या असतात आणि टोकाला एक असते.

फुलांत गोंधळ होण्याचे कारणच नाही. पावट्याचा तुरा पाल्याच्या वर ताठ उभा राहतो आणि त्यावर पांढरी किंवा जांभळी फुले खालून वर उमलत जातात. गोकर्णीचे फूल पानाच्या बेचक्यात, बहुधा एकटे येते. एक मोठी पाकळी पुढे पसरलेली आणि तिच्या मध्यावर पांढरट-पिवळा ठिपका. शेंगेत पावट्याची शेंग रुंद, चपटी, कोयत्यासारखी वाकलेली आणि टोकाला चोच असलेली, तर गोकर्णीची सरळ, अरुंद आणि वाळल्यावर तडकून बिया उडवणारी.

इथे थोडे थांबायला हवे, कारण पुढच्या वेलांची ओळख चुकली तर जिवावर बेतू शकते. यवतेश्वर, ठोसेघर, चांदोलीच्या बाजूला पावसाळ्यानंतर रानात फिरताना कुंपणावर पावट्यासारखाच त्रिदळ पानांचा वेल दिसतो, फुलेही गडद जांभळी. ती खाजकुइली असू शकते. तिचे तुरे ताठ उभे नसतात, खाली लोंबतात, आणि तिच्या शेंगा इंग्रजी ‘एस’ अक्षरासारख्या वळलेल्या, सोनेरी तपकिरी लवेने मढलेल्या असतात. ती लव अंगाला लागली की असह्य खाज सुटते. लागलीच तर चोळू नका. चिकटपट्टीने लव उचलून घ्या, मग साबण आणि गार पाण्याने धुवा, कपडे बदला. डोळ्यांत गेली तर थेट डॉक्टरांकडे जा.

दुसरी गुंज. तिची पाने गोकर्णीसारखी पिसाच्या आकाराची, पण पर्णिका कितीतरी जास्त आणि बारीक असतात, चिंचेच्या पाल्याची आठवण करून देणाऱ्या. लाल बी आणि त्यावर काळा ठिपका. या बियांत अ‍ॅब्रिन नावाचे जहाल विष आहे. सोनाराच्या तराजूतली आणि मुलांच्या खेळातली म्हणून ती ओळखीची वाटते, पण लहान मूल असलेल्या घरात गुंजेचा वेल नकोच.

तिसरी स्वीट पी. थंडीत पाचगणी-महाबळेश्वरच्या बागांत आणि रोपवाटिकांत ही सुगंधी फुले दिसतात. तिची शेंग मटारासारखी दिसते आणि तिच्या बिया विषारी आहेत. मटार सोलायची सवय असलेल्या मुलांना हे सांगून ठेवा. अबईची भलीमोठी जाड शेंग कोवळी असताना शिजवून खातात, तिचे जून दाणे मात्र खाण्याजोगे नसतात. एकच नियम घरात पाळा: ज्या वेलाचे बी आपण स्वतः ओळखून लावलेले नाही, त्याची शेंग पातेल्यात जाणार नाही.

तुमच्या जागेला कोणता वेल

फ्लॅटची गॅलरी, जिन्याजवळची ग्रील, फाटकावरची कमान अशी जागा असेल तर गोकर्ण. बारा इंची कुंडीत ती सुखाने राहते, वेल हलका असतो, ग्रीलवर भार येत नाही, आणि पाणी मिळत राहिले तर सांगलीच्या हवेत वर्षातले बहुतेक महिने फुले देते. वेल बहुवर्षायू आहे, छाटला की पुन्हा फुटतो.

अंगण, परडे, विहिरीचा काठ, गोठ्याची भिंत, गच्चीचा भक्कम कठडा असेल तर पावटा. त्याचे मूळ खोल जाते आणि वेल दहा-पंधरा फूट सहज पसरतो. गच्चीवर लावायचा तर किमान अठरा ते वीस इंची कुंडी किंवा तेवढीच ग्रो बॅग घ्या आणि ती आधीच जागेवर ठेवून मग भरा. ओल्या मातीने भरल्यावर एका माणसाला ती हलत नाही.

ऊन दोघांनाही निदान सहा तास हवे. सावलीत गोकर्ण जगते, फुले कमी देते. पावटा सावलीत लावणे म्हणजे हंगाम वाया घालवणे.

आपल्या दोन जिल्ह्यांत पाऊस आणि माती इतकी बदलते की एकच सल्ला सगळीकडे लागू पडत नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, तर माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात सारा हिशेब ५०० च्या आसपास. कोरड्या पट्ट्यातल्या मुरमाड जमिनीत दोन्ही वेल तग धरतात, रुजल्यानंतर गोकर्ण तर फारच कमी पाण्यात राहते. तिथे खड्डा मोठा करा आणि त्यात शेणखत, पोयटा जास्त घाला म्हणजे ओल टिकते. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या घाटमाथ्याकडे जूनमध्ये टोकलेला पावटा मुसळधार पावसात कुजतो. तिथे पावसाचा जोर ओसरल्यावर, ऑगस्टमध्ये लावा किंवा आडोशाला रोप करून मग जमिनीत घाला. कऱ्हाड, वाळवा, मिरजेच्या काळ्या रानात पाणी साचणे हा मुख्य शत्रू. गादीवाफा किंवा मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. कृष्णाकाठी सखल जागा असेल तर आणखी सबुरी धरा: मोठे पूर जुलै-ऑगस्टमध्येच येतात, २०१९ आणि २०२१ मध्येही तेच झाले. अशा जागी पावट्याचे रोप पिशवीत वाढवून ऑगस्टअखेरीस लावले तरी हंगाम हुकत नाही. का हुकत नाही, ते पुढे येते.

पेरणीची वेळ: दिवस लहान होण्याची वाट पाहणारा वेल

गावरान वेल पावटा दिवसाच्या लांबीवर चालतो. दिवस लहान व्हायला लागले, रात्री मोठ्या झाल्या, की तो फुलावर येतो. म्हणून तुम्ही मे महिन्यात लावा किंवा जुलैत, फुले दसरा-दिवाळीच्या सुमारासच दिसतात. लवकर लावल्याने शेंगा लवकर मिळत नाहीत, फक्त वेल मोठा होतो. ‘चार महिने झाले, नुसता पालाच’ असे म्हणत सप्टेंबरमध्ये वेल उपटून टाकणारे लोक मी पाहिले आहेत, आणि दर वेळी हळहळ वाटते, कारण आणखी थोडे दिवस थांबले असते तर त्याच वेलाने घर भरून शेंगा दिल्या असत्या.

याचा फायदा करून घेता येतो. मोठा मांडव झाकायचा असेल तर मृग ते आर्द्रा या काळात, म्हणजे जूनमध्ये टोकण करा. जागा लहान असेल, ग्रो बॅग असेल, पुराची भीती असेल, तर ऑगस्टमध्ये लावा. वेल आटोपशीर राहील आणि तरी भोगीपर्यंत शेंगा येतील. त्याच्याही पुढे लांबवू नका, वेलाला अंग धरायला वेळ उरत नाही.

दिवस-रात्रीच्या याच हिशेबामुळे आणखी एक गोष्ट शहरातल्या लोकांनी पाहायला हवी. रस्त्यावरच्या दिव्याचा किंवा अंगणातल्या मोठ्या दिव्याचा झोत रात्रभर वेलावर पडत असेल तर त्याला रात्र लहानच वाटते आणि फुलोरा लांबतो. दिवा बंद करता येत नसेल तर पावटा दुसऱ्या बाजूला लावा आणि तिथे गोकर्ण लावा. झुडपी वाणांना मात्र ही अडचण येत नाही. दिवसाच्या लांबीचे बंधन त्यांतून काढून टाकलेले आहे.

गोकर्णीला अशी वाट पाहावी लागत नाही. पेरल्यापासून साधारण दोन महिन्यांत पहिली फुले दिसतात. श्रावणात फुले हवी असतील तर हिशेब मागे मोजा: अक्षय तृतीयेच्या सुमारास बी लावा आणि पाऊस सुरू होईपर्यंत हाताने पाणी द्या. जूनमध्ये लावलेली गोकर्ण गणपतीला मिळेल.

बी टोकणे

खड्डा पावट्यासाठी दीड फूट लांब, रुंद आणि खोल. मातीत एक पाटी चांगले कुजलेले शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. काळी माती असेल तर तळाला मुरूम आणि वर थोडी भुसभुशीत पोयट्याची माती मिसळा. ताजे शेण कधीही घालू नका, त्यात हुमणी येते.

पावट्याचे बी चार ते सहा तासच भिजवा. रात्रभर भिजवलेले बी पावसाळ्यात जमिनीत गेले की फुगून कुजते. पावसाची ओल असेल तर भिजवायचीही गरज नाही. गुळाच्या पाण्यात रायझोबियम संवर्धक (मुळांवर नत्राच्या गाठी धरवणारे जिवाणू) कालवून ते बियांना चोळा आणि सावलीत अर्धा तास सुकवा. साताऱ्याजवळ बोरगावला आणि मिरज तालुक्यात कांचनपूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, संवर्धकाची चौकशी तिथे किंवा खात्रीच्या कृषी सेवा केंद्रात करा. एका आळ्यात तीन बिया, इंचभर खोल. आठवड्यात उगवतात. दोन जोमदार रोपे ठेवा, तिसरे कात्रीने कापा. उपटले तर शेजारच्या रोपाची मुळे हलतात. दोन आळ्यांत तीन फूट अंतर ठेवा.

गोकर्णीचे बी टणक कवचाचे. तसेच टोचले तर एक आज उगवते, एक तीन आठवड्यांनी, आणि काही उगवतच नाहीत. नखे कापायच्या कटरने कवचाला एक बारीक खाच द्या किंवा पॉलिश पेपरवर एक बाजू घासा, मग कोमट पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी फुगलेले बी टोका, न फुगलेले पुन्हा घासा. अर्धा इंच खोली पुरे. दोन रोपांत फूट-दीड फूट अंतर.

मांडव आणि आधार

दोन्ही वेलांना काकडी-दोडक्यासारखे ताणे नसतात. ते खोडानेच विळखा घालतात. त्यामुळे सपाट भिंत, जाड खांब, रुंद लोखंडी पट्टी यांवर ते आपोआप चढत नाहीत. त्यांना सुतळी, काथ्या, तार, कळकाची काटकी अशी बोटभर किंवा त्याहून बारीक गोष्ट लागते. जाड खांब असेल तर त्याच्याभोवती काथ्याची दोरी उभी बांधा.

गोकर्णीला जाळी, चार काटक्या आणि सुतळी पुरते. पावट्याच्या मांडवावर मात्र खर्च आणि श्रम करा. ऑक्टोबरनंतर पाला, फुले, शेंगा यांचे वजन एकदम वाढते, आणि परतीच्या पावसात भिजलेला मांडव वाऱ्याने कोसळला तर मुळाजवळचे खोड पिळवटून सगळा वेल हातचा जातो. चारी कोपऱ्यांना कळकाच्या किंवा बाभळीच्या मेढी दीड-दोन फूट खोल गाडा, वर सहा फुटांवर आडवे कळक बांधा, त्यावर तारेची किंवा नायलॉनची जाळी टाका. उंची सहा फुटांहून जास्त नको. शेंग तोडताना हात पोचला पाहिजे, नाहीतर वरच्या शेंगा जून होतात आणि वेल फुले धरायचा थांबतो. जागेअभावी मांडव जमत नसेल तर शेवग्याच्या बुंध्याशी पावटा लावायची आपली जुनी रीत उत्तम आहे. शेवग्याची सावली विरळ असते, दोघांचे जमते.

एकाच मांडवावर दोन्ही वेल चढवायचा मोह होतो. करू नका. पावट्याचे रुंद पान गोकर्णीला सप्टेंबरपर्यंत पूर्ण झाकून टाकते आणि तिला ऊनच मिळत नाही.

निगा

पावट्याचा शेंडा दोनदा खुडा: पहिल्यांदा वेल दोन फुटांचा झाल्यावर, म्हणजे बगलफुटी येतात, आणि दुसऱ्यांदा मांडवावर पोचल्यावर, म्हणजे तो एका दोरीसारखा पुढे न पळता चहूकडे पसरतो. युरिया देऊ नका. मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र धरतात. वरून आणखी नत्र दिले तर पाला माजतो, फुले मागे पडतात आणि मऊ पाल्यावर मावा तुटून पडतो. लावताना दिलेले शेणखत आणि फुलोऱ्याच्या आधी आळ्यात दोन मुठी गांडूळखत, थोडी लाकडाची राख, इतके पुरते. पाणी पावसाळ्यात नको. फुले लागल्यापासून मात्र माती कोरडी पडू देऊ नका, एक ताण बसला तरी फुले गळतात.

एकदा शेंगा लागल्या की दर तीन-चार दिवसांनी तोडा. तोडलेल्या तुऱ्याच्या दांडीवर पुन्हा फुले येतात, म्हणून शेंग तोडताना दांडी ओरबाडू नका.

गोकर्णीचा शेंडा रोप आठ-दहा इंचांचे असतानाच खुडा. मग मुख्य काम एकच: शेंगा काढत राहणे. फूल कोमेजल्यावर चार-पाच दिवसांत त्याजागी बारीक हिरवी शेंग दिसते. ती राहू दिली तर वेल आपली ताकद बियांकडे वळवतो आणि नव्या कळ्या कमी होतात. रोज देवाला फुले तोडणाऱ्या घरी गोकर्ण भरभरून फुलते आणि फुले झाडावरच ठेवणाऱ्यांकडे थकते, याचे कारण एवढेच. दर महिन्याला एक ओंजळ गांडूळखत द्या. थंडी सरली, फेब्रुवारी आला की वेल जमिनीपासून फूट-दीड फुटावर छाटा. घाटमाथ्यावर थंडीत ती जवळजवळ झोपी जाते, पाणी कमी करा, उन्हाळ्यात पुन्हा फुटेल.

कीड

पावट्यावर मावा येणारच, असे धरून चाला. काळपट मावा शेंड्यावर आणि तुऱ्यावर थर करून बसतो, मागोमाग मुंगळे येतात. पहिला उपाय पाण्याचा जोरदार फवारा, सकाळच्या वेळी, दोन-तीन दिवस ओळीने. ढालकिडे दिसले तर थोडी कळ काढा, त्यांच्या अळ्या माव्याचा फडशा पाडतात. तरीही आटोक्यात येत नसेल तर पाच टक्के निंबोळी अर्क: ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळायचे, चमचाभर साबणाचे पाणी घालायचे. फवारणी संध्याकाळी करा, दिवसा फुलांवर मधमाश्या असतात.

शेंगा पोखरणारी अळी शेंगेला भोक पाडून आत बसते. घरच्या वेलावर तिला औषधापेक्षा डोळे आणि हात जास्त उपयोगी: भोक असलेली शेंग, जाळ्याने चिकटलेला तुरा दिसताच तोडून लांब पुरून टाका. पाने पिवळी-हिरवी चट्ट्यांची होऊन आकसली तर तो विषाणूचा रोग आहे, वेल उपटा आणि त्याचे बी राखू नका.

गोकर्णीला उन्हाळ्यात लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण त्रास देतात. पानांच्या खालच्या बाजूला पाणी मारत राहणे आणि किडकी फांदी कापणे, बहुतेक वेळा एवढ्याने भागते.

काढणी आणि स्वयंपाकघर

पावट्याची शेंग तीन टप्प्यांत वापरता येते. दाणा भरण्याआधी, चपटी आणि कोवळी असताना शिरा काढून भाजी. दाणा फुगला, साल अजून हिरवी असताना सोललेला ओला पावटा. आमटी, उसळ, पावटेभात आणि भोगीची भाजी याच दाण्याची. संक्रांतीच्या आदल्या दिवशी वांगी, गाजर, ओला हरभरा यांच्याबरोबर ओला पावटा आणि तिळाचे कूट, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. हे घरच्या मांडवावरून यावे यासाठी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काही तुरे न तोडता राखून ठेवा. आणि तिसरा टप्पा वाळलेला वाल, वर्षभरासाठी.

वाळलेला दाणा कच्चा खाऊ नये आणि अर्धवट शिजवूनही खाऊ नये. त्यात सायनाइड तयार करू शकणारी संयुगे असतात. रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या, मोड आणायचे तर आणून सोला, ताज्या पाण्यात पूर्ण मऊ होईपर्यंत उघड्या भांड्यात शिजवा. आपल्या आया-आज्या हे भिजवणे, पाणी फेकणे, सोलणे पाळत आल्या आहेत, आणि त्यामागचे कारण भक्कम आहे. मंद आचेच्या भांड्यात न उकळता तासन्‌तास ठेवणे या दाण्यांना चालत नाही.

गोकर्णीची फक्त फुले वापरायची. चार-पाच ताजी फुले गरम पाण्यात घातली की गडद निळा रंग उतरतो, लिंबू पिळले की तो जांभळा होतो. हा रंग अँथोसायनिनचा. फवारणी केलेल्या वेलाची किंवा रोपवाटिकेतून नुकत्याच आणलेल्या रोपाची फुले पिऊ नका. बिया आणि मुळे तीव्र रेचक आहेत, शेंगा पावट्यासारख्या चपट्या असल्या तरी भाजीत जाता कामा नयेत. गरोदर बाईने आणि नेहमीची औषधे घेणाऱ्याने हा चहा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

हंगामानंतर, आणि बी

पावटा बहुतेक ठिकाणी फेब्रुवारी-मार्चपर्यंत थकतो. वेल उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळे आणि गाठी तिथेच कुजू द्या. त्या जागी उन्हाळ्यात लावलेली मेथी, चाकवत किंवा वांगी चांगली येतात. कापलेला पाला शेळ्या आवडीने खातात.

बियांसाठी शेवटच्या उरल्यासुरल्या शेंगा ठेवायची सवय आहे, तिथेच वाण बिघडतो. ऐन बहरातल्या, निरोगी वेलावरच्या, मधल्या तुऱ्यांतल्या लांब आणि भरलेल्या शेंगा निवडा, त्यांना रंगीत दोरा बांधून ठेवा आणि वेलावरच वाळू द्या. दाण्यावर दात रोवला तर खूण उमटू नये इतके वाळले की सोला, दोन दिवस उन्हात घाला, मग चुलीची राख चोळून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. भुंगेरा लागू नये म्हणून वर कडुलिंबाचा वाळला पाला.

गोकर्णीच्या सगळ्या शेंगा तोडत आलात, तरी दिवाळीनंतर चार-पाच राहू द्या. त्या हिरव्याच्या तपकिरी झाल्या की तडकण्याआधी तोडून कागदी पिशवीत टाका आणि पिशवीचे तोंड दुमडा, कारण उन्हात तडकलेली शेंग बी कुठल्या कुठे उडवते. पिशवीवर फुलाचा रंग आणि वर्ष लिहून ठेवा.